बावीस महिन्यांच्या मुलीसह उपनगरात बिऱ्हाड: एक प्रकरण अभ्यास

या अभ्यासातील कुटुंब हे कोणतेही एक खरे कुटुंब नाही. लहान मुलांसह बिऱ्हाड हलवणाऱ्या पालकांकडून वारंवार ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभे केले आहे. आई, वडील आणि बावीस महिन्यांची मुलगी हे तिघे एका मध्यम आकाराच्या शहरातून महानगराच्या कडेला वाढत असलेल्या एका नव्या उपनगरात राहायला आले. आईला महानगराच्या मध्यभागातील एका कार्यालयात चांगली संधी मिळाली होती आणि वडिलांची बदली त्याच महानगरातील, पण घरापासून तुलनेने जवळच्या, शाखेत झाली होती. जुन्या शहरात आजी दोन घरे सोडून राहत असे आणि मुलीचा सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ तिच्याकडेच जाई. उपनगर निवडण्यामागची कारणे नेहमीचीच, पण विचारपूर्वक ठरवलेली होती: त्याच भाड्यात एक खोली जास्त, इमारतीसमोर मोकळे मैदान आणि रहदारीपासून थोडे अंतर.

स्थलांतरानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलगी रात्री तीन-चार वेळा रडत उठू लागली. आई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेली तरी ती मागे धावत येई, कडेवरून खाली उतरायला तयार नसे, आंघोळीच्या वेळी अंग ताठ करून ओरडे आणि पूर्वी स्वतःच्या हाताने जेवणारी ही मुलगी आता भरवल्याशिवाय घास घेत नसे. पहिले दोन आठवडे मात्र ती मजेत होती, रिकाम्या खोक्यांत बसून खेळत होती आणि नव्या खोल्यांतून धावत होती. म्हणूनच पालक अधिक गोंधळले. घर आवडले नसते तर त्रास पहिल्याच दिवशी दिसला असता, असा त्यांचा तर्क होता. तरीही उपाय मात्र त्यांनी घरातच शोधले: पलंगाची जागा बदलली, रात्रीचा दिवा बदलला, जुन्या घरातील पडदे पुन्हा लावले.

या प्रकरणाबद्दलचे माझे मत आधीच नोंदवतो. बावीस महिन्यांच्या मुलाला पत्ता बदलल्याचा जितका त्रास होतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास दिवसाची घडी बदलल्याचा होतो. कोणत्या वेळी कोण जवळ असते, कशानंतर काय होते आणि झोप कुठे व कशी लागते, हेच त्याचे खरे घर असते. उपनगरात राहायला जाण्याची किंमत भाड्यात कमी आणि संध्याकाळच्या तासांत जास्त मोजावी लागते, आणि या कुटुंबाने नेमका तोच हिशेब घर घेण्यापूर्वी केला नव्हता.

सामान आणि सुरक्षितता

घर लावण्याच्या बाबतीत हे पालक खरोखर दक्ष होते आणि त्यांनी जे केले त्यातले बरेचसे कोणीही जसेच्या तसे करावे असे आहे. मुलीच्या वस्तू सर्वांत शेवटी बांधल्या आणि सर्वांत आधी उघडल्या, त्यामुळे पहिल्या रात्री ती आपल्याच गादीवर, आपल्याच न धुतलेल्या पांघरुणात झोपली. पांघरूण धुवायचे नाही, ही सूचना आजीची होती आणि ती अगदी योग्य होती, कारण या वयात परिचित वास हा मोठा आधार असतो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या अशा लाडक्या चिंध्या, पांघरुणे आणि बाहुल्या यांच्याकडे गंभीरपणे लक्ष वेधले. आई जवळ नसताना मूल ज्या वस्तूच्या आधाराने तो काळ निभावते, ती वस्तू प्रवासात हरवू नये म्हणून ती सामानाच्या गाडीत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी.

दुसऱ्या दिवशी वडील प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत फिरले. उभ्याने पाहताना न दिसलेल्या गोष्टी त्या उंचीवरून लगेच दिसल्या: आधीच्या भाडेकरूने सोडलेला, तोंड उघडे असलेला विजेचा जोड, सिंकखालच्या कपाटात राहिलेली नळ मोकळा करण्याच्या द्रावणाची अर्धी बाटली आणि दाराच्या फटीत अडकलेली एक गोल चपटी बॅटरी. अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेत अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते, आणि घर हलवताना रिमोट, घड्याळे, खेळणी उघडली जात असल्याने नेमक्या याच दिवसांत ती जमिनीवर पडलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. उंच कपाट आणि खणांची पेटी त्यांनी त्याच दिवशी भिंतीला जखडली. खण पायऱ्यांसारखे ओढून त्यावर चढणाऱ्या मुलाच्या वजनाने अख्खी पेटी अंगावर येऊ शकते, आणि हे जखडण्याचे काम ‘सामान लागल्यावर करू’ म्हणून मागे पडते, असा अनुभव आहे.

बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधील अंतर त्यांनी मोजले. साधारण १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट असेल तर लहान मुलाचे शरीर त्यातून सरकू शकते, म्हणून तिथे मजबूत जाळी बसेपर्यंत दार कुलूपबंद ठेवले. खिडकीची डासांची जाळी डास अडवते, मुलाला अडवत नाही, हेही त्यांना माहीत होते. पाणी तापवण्याच्या यंत्राचे तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही असे त्यांनी ठेवले, आणि फरशी पुसण्याची बादली भरून ठेवण्याची सवय मोडली, कारण अवघ्या काही सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. इमारत नवी असल्यामुळे जुन्या रंगातील शिशाचा प्रश्न इथे नव्हता. जुन्या घरात जाणाऱ्यांनी पापुद्रे सुटलेला रंग स्वतः खरवडू नये एवढेच इथे नोंदवतो, कारण शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

दिवसाचा तक्ता

मार्ग सापडला तो दोन कागदांमुळे. एका कागदावर जुन्या घरातील एक सर्वसाधारण दिवस आणि दुसऱ्यावर नव्या घरातील एक सर्वसाधारण दिवस, असे मुलीचे चोवीस तास पालकांना लिहून काढायला सांगितले. त्यांत पालकांची कामे लिहायची नव्हती. मुलगी कुठे आहे, कोणाजवळ आहे, जागी आहे की झोपलेली, एवढेच लिहायचे होते.

जुन्या कागदावर मुलगी रात्री ८ वाजता झोपत होती, सकाळी पावणेसातला उठत होती आणि दुपारी आजीकडे पावणेदोन तास झोपत होती. एकूण झोप साडेबारा तास. नव्या कागदावर ती सकाळी सव्वासहाला उठवली जात होती, कारण आईबरोबर तिला महानगराच्या मध्यभागी जायचे होते. पाळणाघर आईच्या कार्यालयाजवळ निवडले होते, आणि त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही: मुलीला ताप आला, ती पडली, तर आई दहा मिनिटांत पोचेल. परंतु त्यासाठी मुलीला रोज जाताना आणि येताना प्रत्येकी पन्नास मिनिटे प्रवास करावा लागत होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, घर जवळ आले की, गाडीत तिला वीस मिनिटांची डुलकी लागे. रात्री ती दहापर्यंत झोपत नसे. पाळणाघरातील दुपारची झोप सव्वा तासाची. बेरीज दहा तासांनाही पोचत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाला ११ ते १४ तास चांगली झोप हवी. ही मुलगी आठवड्यामागून आठवडे त्याहून कमी झोपत होती. दिवसभर जागे राहिल्याने शरीरात झोपेची जी ओढ साठत जाते, ती ओढ संध्याकाळची ती छोटी डुलकी थोडी ओसरवत होती आणि रात्रीची झोप दोन तास पुढे ढकलत होती. झोपेच्या दृष्टीने ती डुलकी अत्यंत महागात पडत होती. अपुरी झोप झालेले लहान मूल मोठ्यांसारखे सुस्तावत नाही. ते उलट अधिक चळवळे, चिडके आणि हट्टी होते, आणि म्हणून ‘ती थकतच नाही’ असा पालकांचा समज होतो. या घरातही तोच झाला होता.

कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या घरात संध्याकाळी पावणेसहा ते आठ हा सव्वादोन तासांचा काळ पूर्णपणे मुलीचा होता: खेळ, आंघोळ, जेवण, चित्रांचे पुस्तक, झोप, आणि तेही याच क्रमाने. नव्या घरात हाच काळ रस्त्यावर आणि नंतर घाईत सरत होता. आंघोळ कधी जेवणाआधी, कधी नंतर, कधी अजिबात नाही. आंघोळीच्या वेळी ती अंग ताठ करत होती त्याचे कारण पाण्याची भीती नव्हते. आंघोळीनंतर काय येणार, हे तिला आता सांगता येत नव्हते.

सेझारे मार्केत्ती या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले की निरनिराळ्या काळांत आणि समाजांत माणसे प्रवासावर दिवसाकाठी सरासरी साधारण एक तास घालवतात, आणि वाहने वेगवान झाली की वेळ वाचवण्याऐवजी लांब राहायला जातात. महानगरांची उपनगरे अशीच पसरतात. पण हे प्रौढांच्या प्रवासाबद्दल आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसाला शंभर मिनिटांचा प्रवास सोसत नाही, कारण त्याचा जागेपणीचा दिवसच मुळात अकरा-बारा तासांचा असतो.

आजी नसणे

तक्त्यात न मावणारी गोष्ट म्हणजे आजी. मुलीच्या दृष्टीने आजी ही मदतीला येणारी व्यक्ती नव्हती. आई-वडिलांइतकीच ती तिच्या जगाचा खांब होती, आणि एका दिवसात ती नाहीशी झाली. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये केलेल्या निरीक्षणांतून ‘सुरक्षित तळ’ ही कल्पना पुढे आली: मूल ज्याच्यावर विसंबते त्याच्यापासून दूर जाऊन जग धुंडाळते, मध्येच परत येऊन खात्री करून घेते आणि पुन्हा निघते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आसक्तीच्या, म्हणजे मूल जवळच्या माणसांशी कसे बांधले जाते याच्या, सिद्धान्तात असे तळ एकापेक्षा अधिक असू शकतात. तीनांपैकी एक तळ हरवल्यावर उरलेल्या दोघांना मूल अधिक घट्ट बिलगते, यात बिघाड नाही. आईने मात्र हे ‘लाडावणे’ समजून तिला एकटे खेळायची सवय लावण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याने रडणे वाढले. बिलगू दिलेले मूल लवकर सुटते, हे ऐकायला उलटे वाटते, पण या वयात ते खरे ठरते.

आजीशी व्हिडिओवर बोलणे सुरू होते, पण ते आठवड्यातून कधीतरी, मोठ्यांच्या सोयीने आणि लांबलचक. मुलगी थोडा वेळ पाहून फोन ढकलून देई आणि आजीला वाईट वाटे. आता ते रोज सकाळच्या न्याहारीच्या वेळी, पाच-सात मिनिटांचे झाले, आणि आजी दोन्हीकडे असलेल्या एकाच चित्रपुस्तकाचे एक पान वाचू लागली. लहान मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे हे खरे, परंतु अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये अठरा महिन्यांखालील मुलांसाठीही व्हिडिओवरील संभाषणाला अपवाद केला होता, कारण पलीकडे प्रतिसाद देणारे माणूस असते. महिनाभराने आजी प्रत्यक्ष येऊन राहून गेली. ती परतल्यावर चार दिवस पुन्हा रात्रीचे उठणे सुरू झाले आणि वडिलांना वाटले की भेटच नको होती. हे मत मला पटत नाही. निरोपाचे दुःख टाळण्यासाठी नाते तोडणे हा दोन वर्षांच्या मुलासाठी वाईट सौदा आहे. आजी निघताना मुलगी झोपेत असताना गुपचूप गेली नाही, तिने दारात उभे राहून निरोप घेतला, हे महत्त्वाचे होते.

पाळणाघर: कुठे आणि कसे

पाळणाघर कार्यालयाजवळ की घराजवळ, हा उपनगरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढचा खरा प्रश्न आहे. कार्यालयाजवळ असेल तर पालक जवळ असतो, पण मूल प्रवास करते, पालकाला सुट्टी असली तरी करते, आणि शेजारच्या मुलांशी त्याची ओळख होत नाही. घराजवळ असेल तर मूल निवांत असते, पण अडीअडचणीला दोन्ही पालक लांब असतात. दुसरा पर्याय तेव्हाच चालतो जेव्हा तासाभराच्या आत पोचू शकणारे, पाळणाघराला लेखी कळवलेले आणि मुलाला ओळखीचे असलेले तिसरे माणूस असते. या कुटुंबाला ते माणूस खालच्या मजल्यावर मिळाले. मुलीच्याच वयाचा मुलगा असलेल्या एका शेजारणीशी मैदानात रोज संध्याकाळी भेट होऊ लागली आणि दोन्ही घरांनी एकमेकांची नावे आपापल्या पाळणाघरांत नोंदवली. त्याबरोबर लसीकरणाची नोंद, ॲलर्जी आणि वजनानुसार औषधाचे प्रमाण यांचा एक कागद शेजारणीकडेही राहिला. बालरोगतज्ज्ञाकडे मूल आजारी नसतानाच पहिली भेट घेऊन नोंदणी करावी. ताप चढलेल्या रात्री नव्या गावात डॉक्टर शोधणे कोणावर येऊ नये.

घरापासून चालत आठ मिनिटांवरचे पाळणाघर ठरले. वडिलांनी सकाळी लवकर जाऊन दुपारी चारला सुटण्याची मुभा कार्यालयाकडून सहा महिन्यांसाठी मिळवली. मुलीला न्यायला ते जातात आणि सोडायला आई जाते. आईची परतीची वेळ पूर्वीसारखीच उशिराची राहिली, पण मुलगी तोवर घरी, आंघोळ झालेली असते.

पहिल्या पाळणाघरात मुलीला बिऱ्हाड आल्यापासून तिसऱ्याच दिवशी पूर्ण वेळ ठेवले होते आणि तिचे लक्ष नसताना निघून जा, असा सल्ला तिथे मिळाला होता. असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो घातक आहे, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की नजर हटली की आई नाहीशी होते. घरात मागे मागे धावणे तिथूनच वाढले असावे, असे मला वाटते. दुसऱ्या वेळी त्यांनी १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये विकसित झालेल्या रुळवण्याच्या पद्धतीचा आधार घेतला. त्यात पहिले तीन दिवस पालक मुलासोबत साधारण तासभर पाळणाघरात बसतो आणि मुलाला अजिबात सोडून जात नाही. चौथ्या दिवशी तो सांगून, निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातो. मूल सावरले तर हा वेळ जास्तीत जास्त अर्धा तास असतो आणि नाही सावरले तर काही मिनिटांतच पालक परततो. पुढची गती त्यावरून ठरते. मूल रुळले हे ओळखण्याची कसोटी न रडण्याची नाही. ते रडते, पण तिथल्या ठरलेल्या ताईंकडून शांत करून घेते, ही ती कसोटी आहे. या मुलीला चौथ्या दिवशी ताई शांत करू शकल्या नाहीत, म्हणून लांबचा मार्ग धरला आणि तिसऱ्या आठवड्यात ती ताईंच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. आईला ते पाहवले नाही, पण ताईंनी बरोबर सांगितले की आता ती इथे झोपेल. त्याच दुपारी ती तिथे दीड तास झोपली. या काळासाठी आईने आणि वडिलांनी आळीपाळीने रजा घेतली. ही रजा सामान लावण्यात न घालवता यासाठी राखून ठेवावी, असे मी प्रत्येक कुटुंबाला आग्रहाने सांगेन.

काय सुधारले, काय राहिले

गाडीतली डुलकी बंद झाल्यावर पहिला फरक झोपेत पडला. झोपण्याची वेळ दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणली आणि सुमारे दोन आठवड्यांत ती सव्वाआठवर स्थिरावली. रात्रीचे उठणे एकावर आले. हाताने जेवणे आपोआप परतले. त्यासाठी कोणी काही केले नाही. सकाळच्या निरोपाचे रडणे मात्र सर्वांत शेवटी कमी झाले, आणि आईच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ते अजूनही होते.

शी-शूची सवय लावण्याचे काम पालकांनी स्थलांतराच्या आधीच सुरू केले होते, ते थांबवले. बाटली सोडवणे आणि मोठ्या पलंगावर झोपवणेही पुढे ढकलले. एका वेळी एकच बदल हे तत्त्व इथे काटेकोरपणे पाळावे लागते, कारण बिऱ्हाडाचा बदल स्वतःच दहा बदलांचा असतो. पाळणाघरातील भाषा घरच्या भाषेहून वेगळी होती आणि मुलगी तिथे बरेच दिवस गप्प असे. घरी मात्र ती भरभरून बोलत होती, म्हणून काळजीचे कारण नव्हते आणि घरची भाषा बदलण्याचे तर अजिबात नव्हते.

यातली सीमारेषा स्पष्ट असली पाहिजे. बिलगणे, झोपमोड, भरवून घेण्याचा हट्ट, सुटलेली शी-शूची सवय हे ताणाखाली होते आणि सहसा काही आठवड्यांत ओसरते. परंतु आधी बोलत असलेले शब्द मुलाने घरातही बोलणे सोडले, हाक मारल्यावर पाहणे सोडले, नजरेला नजर देणे किंवा बोटाने दाखवणे सोडले, तर ते ‘नवीन जागेमुळे’ म्हणून थांबू नये. त्या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.

आईबद्दलही एक नोंद करणे भाग आहे. नव्या उपनगरात तिला ओळखीचे कोणी नव्हते, दिवसभर काम, रात्रभर जाग, आणि वर मुलीला आजीपासून दूर आणल्याबद्दलची टोचणी. तिची उदासी सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकली तेव्हा ती समुपदेशकाकडे गेली. मुलीची झोप सुधारल्यावर आईचे आपोआप बरे होईल, असे वडिलांना वाटत होते. ते अर्धेच खरे ठरले. मैदानातली शेजारीण आणि समुपदेशक या दोन्हींची गरज होती.

वडिलांची लवकर सुटण्याची मुभा सहा महिन्यांनी संपेल. तोवर मुलगी अडीच वर्षांच्या आसपास असेल आणि बालवाडीच्या प्रवेशाचा काळही तेव्हाच येईल. दोन्ही बदल एकाच महिन्यात येऊ नयेत म्हणून पालकांनी आतापासून मुदतवाढीचा लेखी अर्ज केला आहे, आणि तो नामंजूर झाल्यास सकाळची पाळी आईने घ्यायची व बालवाडी तीन महिने पुढे ढकलायची, असे ठरवून ठेवले आहे. भाडेकरार एका वर्षाचा आहे. नूतनीकरणापूर्वी ते पुन्हा एकदा मुलीच्या दिवसाचा तक्ता लिहिणार आहेत, आणि घर कार्यालयाच्या जवळ घ्यायचे की इथेच राहायचे हे त्यावरून ठरवणार आहेत.